काकांचा ट्रे

“काकांच्या ट्रेमध्ये तेच जुने बुश टाक. ठिपके नीट पुसून घे बरं का, मागच्या वेळी एक राहिला होता.”

आमच्या वर्कशॉपचे सुपरवायझर लेथ मशीनवरच्या ऑपरेटरला सांगत होते. मी स्टोअरच्या कपाटामागे वाकून प्रिंटरचे कागद काढत होते, त्यामुळे त्यांना दिसले नव्हते.

ऑपरेटर हसला. “लय बारीक बघतेत काका. काल इचारत व्हते, हा माल कुठं जातो म्हणून.”

“मग काय सांगितलंस?”

“पुण्याला म्हटलं.”

“शाब्बास.”

काका म्हणजे माझे वडील.

मी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभी राहिले आणि सुपरवायझरांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी जीभ चावली. पण लगेच सावरून म्हणाले, “मॅडम, तुम्हाला तर माहीतच असेल ना? शेठ बोलले असतील. त्यांचा आपला वेळ जातो, दुसरं काय.”

मी मान हलवली. हो, माहीत आहे, अशी.

मला काहीही माहीत नव्हतं. पण कुणी थेट माझ्याकडे बघून काही विचारलं की माझी मान आपोआप हलते. शाळेत लागलेली सवय आहे. घरी एक अक्षर इंग्रजी न बोलणाऱ्या आईवडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. वर्गात बाई “अंडरस्टुड?” म्हणाल्या की मी मान हलवायचे आणि घरी येऊन एकटीच पुस्तकाशी झगडायचे. त्या मानेने माझं पुष्कळदा निभावलं होतं. त्या सकाळी मात्र ती हलली आणि मी त्या दोघांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

आमचं वर्कशॉप सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, मुख्य रस्त्यापासून आत तिसऱ्या गल्लीत होतं. पत्र्याची शेड, सहा मशीन आणि कोपऱ्यात प्लायवूडचं ऑफिस. त्या ऑफिसात मी बसायचे. ग्राहकांना इंग्रजीत मेल लिहिणं, मालाबरोबर जाणारे तपासणीचे रिपोर्ट टाइप करणं, एवढंच माझं काम. माझा आवाज इतका बारीक होता की “मॅडमचं ऐकायचं तर आधी मशीन बंद करा,” अशी चेष्टा चालायची. दुसरीकडे चांगलं काही मिळेपर्यंत इथे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्यालाही दीड वर्ष होऊन गेलं होतं.

पप्पा माझ्यानंतर सहा महिन्यांनी तिथे आले.

ते एका मोठ्या कंपनीत तपासणी विभागात होते. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजल्या. निवृत्तीनंतर सुरुवातीला घरातल्या वस्तू मोजल्या. एकदा मी लाटलेल्या पोळीला जाडी मोजायचा व्हर्नियर लावून म्हणाले, “या बाजूला दीड, त्या बाजूला तीन. रिजेक्ट.” आणि ती पोळी स्वतः खाल्ली. आई असती तर तिने त्यांना लाटणं दाखवलं असतं, पण आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. मग हळूहळू ते मोजणंही थांबलं. आंघोळ दुपारवर जायला लागली. एकदा मला सुट्टी होती, तेव्हा सकाळी अकरा वाजता ते हॉलमध्ये बूट घालून बसलेले दिसले.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही. घालून बघितले.”

त्या दिवाळीत आमचे शेठ फराळ घेऊन घरी आले. तरुणपणी ते पप्पांच्या हाताखाली शिकाऊ होते. माझी नोकरीही त्याच ओळखीतून. पप्पांकडे बघून त्यांचा चेहरा पडला. निघताना म्हणाले, “काका, शेडवर या ना. तुमच्यासारखा हात कुठे मिळतो आता?”

पप्पा म्हणाले, “पगार नको मला. माझं भागतं. काम असेल तर सांग.”

“कामच काम आहे, काका.”

दुसऱ्या दिवशी पप्पांनी सकाळी सहाला दाढी केली. कंपनीचा जुना निळा शर्ट इस्त्री करून घातला. पाथर्डी फाट्यावरून आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. मागे ते, त्यांच्या मांडीवर दोघांचे डबे. पपया नर्सरीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मला आरशात त्यांचं तोंड दिसलं. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांचं असतं तसं.

त्यांना शेडच्या उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मिळालं. रोज सकाळी ऑपरेटर पन्नास बुशांचा ट्रे आणून ठेवायचा. बुश म्हणजे पोलादाची छोटी पोकळ नळी, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठी. आतल्या बाजूला तेलासाठी एक बारीक खाच कोरलेली असते. पप्पा एकेक बुश कापडाने पुसायचे, मायक्रोमीटरमध्ये धरायचे, आकडा कागदावर लिहायचे आणि बुशाच्या कडेवर हिरव्या मार्करने ठिपका द्यायचे. तो ठिपका म्हणजे त्यांची सही. कंपनीत प्रत्येक तपासनिसाचा रंग ठरलेला असायचा आणि पप्पांचा हिरवा होता. ठिपका दिला की त्या वस्तूची जबाबदारी आपली, असं ते म्हणायचे.

एकदा शेठनी सणाला पाकीट दिलं तर त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. “हे राहू दे. टेबलाला एक चांगला दिवा दे.” शेठनी मान वाकवता येणारा दिवा आणून दिला. पप्पा भर दुपारीही तो लावून बसायचे. मला वाटायचं, कामाची हौस.

संध्याकाळी ते ऑफिसच्या दारात यायचे, आकड्यांचा कागद पुढे करायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “मॅडम, रिपोर्ट.” दिवसभरातला आमचा तेवढाच विनोद. मी तो कागद घ्यायचे आणि पेपरवेटखाली ठेवायचे. पुढे सुपरवायझर तो उचलून नेतात, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या सकाळनंतर मला बाकीचं दिसायला लागलं. एक ऑर्डर रद्द झाली होती आणि तिचे दोनशे बुश पडून होते. तेच पन्नास-पन्नास करून पप्पांपुढे फिरत होते. पप्पा डबे आवरायला गेले की ऑपरेटर थिनरमध्ये बुडवलेल्या सुती धाग्यांच्या बोळ्याने हिरवे ठिपके पुसायचा. मशीनमागच्या डब्यात ते हिरवट बोळे पडलेले असायचे. पप्पांच्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या बाजूवर चहाचे हिशोब सापडले.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एक फाइल आणली आणि पप्पांचे कागद पेपरवेटखाली न ठेवता तिच्यात लावायला लागले. फाइल बघून पप्पा खूश झाले. “आता कसं व्यवस्थित,” म्हणाले. त्या फाइलने मी माझ्या खोटेपणाला पुठ्ठा घातला, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसरी म्हणजे शेठशी बोलायचं ठरवलं. वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत आणलं, आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. सर, पप्पांना खरा माल द्या. एवढंच. त्यांच्या केबिनमध्ये गेले तर शेठच म्हणाले, “काका खूश आहेत ना? मला बरं वाटतं त्यांना बघून. मायक्रोमीटर कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं मला, कान धरून.” मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “आता ग्राहकाला मशीनवर काढलेली मापं लागतात. हाताने मोजलेलं कोण विचारतं? पण काकांना हे कसं सांगायचं?” त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. दुष्ट माणसाला काही बोलता तरी आलं असतं.

“बोला, काय काम होतं?”

“सर, प्रिंटरचा टोनर संपत आलाय,” मी म्हणाले.

माझ्या स्वतःच्या कामाबद्दलही आता लिहायला हवं. जो माल खरोखर बाहेर जायचा, त्याच्या रिपोर्टमधली मापं मशीनवरून यायची, पण एक रकाना मी भरायचे. ओरखडा, गंज, कडेला राहिलेली धार, हे डोळ्यांनी बघून लिहायचा तो रकाना. पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाले होते, “तिथे सगळीकडे ओके टाका, मॅडम.” मी एका चौकोनात ओके लिहायचे आणि माउस धरून खाली ओढायचे. शंभर चौकोन एका झटक्यात ओके. त्यातली एकही वस्तू मी कधी हातात घेतली नव्हती. हातात घेऊन बघायचं असतं, हे तर मला रोज खिडकीपाशी दिसत होतं.

असे महिने गेले. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी पप्पांनी डब्याच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बुश होता.

“चोरून आणला,” ते म्हणाले. “उद्या परत ठेवू. रागावू नकोस.”

ज्या माणसाने एकतीस वर्षांत कंपनीची पेन्सिल घरी आणली नाही, तो हे बोलत होता. त्यांनी मला टॉर्च दिली. “आत बघ. खाचेत.”

बुशाच्या आतल्या खाचेत बारीक काळे ठिपके होते. बॉलपेनच्या टोकाएवढे, एकाखाली एक. मी मोजले. सात.

“हे मी दिलेत,” पप्पा म्हणाले. “याच्या कडेला तांदळाएवढा ओरखडा आहे बघ. हा पुन्हा आला तेव्हा वाटलं, सारखा दुसरा असेल. मग आत खूण करून ठेवली. बाहेरचा ठिपका ते पुसतात, आतलं कोण बघतंय? दर चार दिवसांनी येतो हा. सात वेळा आला.”

मी टॉर्च बंद केली नाही. ती बंद केली असती तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

“पगाराचं मी कधी बोललोच नाही,” ते म्हणाले. “माल तरी खरा द्यायचा ना.”

बाहेर कुणीतरी स्कूटर धूत होतं. नळाचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, “तुला माहीत होतं का गं, बाळा?”

आणि माझी मान हलली. नाही, अशी.

पप्पांचा चेहरा सैल झाला. सुटल्यासारखा. “बरं झालं. मला तीच एक धास्ती होती. तू तर बिचारी फाइल लावतेस.” त्यांनी बुश परत फडक्यात गुंडाळला. “मग असं करू. कुणाला काही बोलायचं नाही. त्याने चांगल्या मनाने केलंय, त्याला वाईट वाटेल. आणि तुलाही सवय झालीये माझ्या सोबतीची. मी येत जाईन नेहमीसारखा.”

म्हणजे ते आता माझ्यासाठी येणार होते. माझी सोबत मोडू नये म्हणून.

ते आले. रोज. दाढी, इस्त्रीचा शर्ट, दोन डबे. तेच बुश तितकेच नीट पुसायचे, दिवा तसाच जवळ ओढायचे. संध्याकाळी दारात यायचे, “मॅडम, रिपोर्ट.” आणि आता ते हसायचे, कारण मला आनंद होतो असं त्यांना वाटत होतं. मी कागद घ्यायचे, फाइलला लावायचे, हसायचे.

मग एके दिवशी ते ट्रॉलीवर आदळले. चांगली मोठी पिवळी ट्रॉली, बाजूलाच उभी होती. त्याच आठवड्यात त्यांना दाराची चौकटही लागली. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासायला दोन तास लागले. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. समोरचं नीट दिसत होतं, कडांचं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, “गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी जमेल तितके दिवस टिकवू.”

पप्पांनी विचारलं, “बारीक आकडे दिसतील ना?”

“सध्या दिसतील. काय काम करता तुम्ही?”

पप्पा माझ्याकडे बघून हसले. “तपासणी,” म्हणाले.

परत येताना द्वारका चौकातल्या सिग्नलला ते मागून म्हणाले, “दिवा मागितला तेव्हाच कळायला हवं होतं मला.” मला मात्र ते महिने आठवत होते. दिव्याचे, हिरव्या ठिपक्यांचे. त्यांच्या डोळ्यांतले जे चांगले दिवस उरले होते ते त्यांनी कुठेच न जाणाऱ्या दोनशे बुशांवर घालवले होते, आणि मी त्यांना फाइल लावत होते. पहिल्याच आठवड्यात तोंड उघडलं असतं तर? डोळे वाचले असते असं नाही. दिवस वाचले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती फाइल पहिल्यांदा वाचली. इतके महिने लावत आले होते, वाचली कधी नव्हती. तांदळाएवढ्या ओरखड्याचा बुश मी शोधत गेले. दर चौथ्या कागदावर तो होता, शेरा त्यांच्या तिरप्या अक्षरात. त्याच्यापुढचा आकडा प्रत्येक कागदावर तोच, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. त्यांना कळण्याआधीचा, कळल्यानंतरचा, आणि माझ्यासाठी येत होते तेव्हाचाही. मी कागद मागेपुढे करून पाहिले. एके ठिकाणी आकडा खोडून पुन्हा लिहिला होता आणि बाजूला लिहिलं होतं, “दोनदा मोजला.” ती तारीख खाचेतला सातवा ठिपका दिल्यानंतरची होती.

संगणकावर माझा रिपोर्ट उघडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठा माल जायचा होता. एका चौकोनात ओके लिहिलेलं, खाली ओढायचं बाकी. मी माउसवर हात ठेवला आणि तो हलेना. उठून मालापाशी गेले आणि पेटीतून एक नग उचलला. थंड होता, तेलकट होता. फिरवून बघितला. त्यात काय बघायचं असतं तेच मला कळेना. धार राहिली आहे की ती तशीच असते? हा डाग गंजाचा की तेलाचा? दीड वर्षाहून जास्त मी त्याच्याबद्दल ओके लिहीत आले होते. पगार मला होता.

नग परत ठेवताना बोटाला तेल राहिलं. ते मी पुसलं नाही.

संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला पप्पा उठले. एक हात भिंतीला लावत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मान वळवून दोन्हीकडे बघत, ऑफिसच्या दारापर्यंत आले. सुपरवायझर हजेरीच्या मशीनपाशी उभे होते. ऑपरेटर थिनरचा डबा घेऊन पप्पांच्या टेबलाकडे निघाला होता आणि पप्पांची पाठ फिरण्याची वाट बघत थबकला होता. पप्पांना तो दिसला नसावा. किंवा दिसला असेल.

त्यांनी कागद पुढे केला.

“मॅडम, रिपोर्ट.”

मी हात पुढे केला नाही. ते थांबले. कागद तसाच हवेत. माझी मान हलायला बघत होती, ती मी धरून ठेवली. इंग्रजीत वाक्य जुळवायला गेले तर जुळलं नाही. मराठीतही नाही. तेवढ्यात शेवटचं लेथ बंद झालं आणि शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की आपला आवाज सगळ्यांना ऐकू जाणार हे मला कळलं.

“पप्पा, मला माहीत होतं. आधीपासून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटी मान हलवली. हे बुश कुठेच जात नाहीत. आणि जो माल जातो, त्याच्यावर मी न बघता ओके लिहिते, रोज. उद्या सकाळी एक माल जायचाय. मला त्यातलं काही बघता येत नाही. तुम्ही बघाल का? मला शिकवाल का?”